दादा, दुसऱ्यांदा

ऐक, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. जोडीताई खुर्चीवरून उठली, पाण्याच्या कूलरपर्यंत गेली, पाणी न पिताच परत आली आणि मायक्रोस्कोपला पुन्हा डोळे लावून बसली. सकाळपासून हे सातव्यांदा. शेवटी शेजारच्या टेबलावर रिपोर्ट टाइप करणारी बाई, जिची मान कीबोर्डवरून कधी वर होत नाही, तीसुद्धा म्हणाली, "ताई, खुर्चीला खिळा आलाय का?"

"नाही गं. पाचवी जोडी जुळत नाहीये. आणि चौदावी."

"मग लिहून टाका. न जुळणाऱ्या जोड्यांवरच तर आपलं पोट आहे."

"पेशंटची असती तर लिहिलीच असती की," असं म्हणून ताई परत उठली.

आता ही जोडीताई कोण, तर एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक लॅब आहे, तिथली सव्वीस वर्षं काम करणारी जुनी टेक्निशियन. रक्त आलं की ते बाटलीतल्या खास पाण्यात तीन दिवस वाढवायचं, पेशी फुगवायच्या, काचेवर थेंब सोडायचा, रंगवायचा, आणि मग एकेका पेशीतले सेहेचाळीस क्रोमोसोम, म्हणजे ती पट्ट्यापट्ट्यांची गुणसूत्रं, उचलून त्यांच्या तेवीस जोड्या लावायच्या. पूर्वी फोटो काढून कात्रीनं कापायची, डिंकानं चिकटवायची. आता कॉम्प्युटरवर. कुठला तुकडा तुटला, कुठला भलतीकडे जाऊन चिकटला, हे तिला असं दिसतं, जसा आपल्याला ओळखीचा माणूस लांबून लंगडताना दिसतो. तिनं लग्न केलं नाही, त्यामुळे लॅबमधला जोक ठरलेला, की जगाच्या जोड्या लावता लावता बाईची स्वतःची राहून गेली. तो जोक तीच सांगते, दुसऱ्यानं सांगायच्या आत.

आणि त्या लॅबची एक पद्धत आहे, ती नीट लक्षात ठेव, कारण सगळा घोळ तिथेच आहे. त्या खास पाण्याची नवीन पेटी आली की आधी ती धडधाकट माणसाच्या रक्तावर वापरून बघायची. नाहीतर पेशी वाढल्या नाहीत तर दोष रक्ताचा की पाण्याचा, कसं कळणार? मग लॅबमधलंच कुणीतरी बाही वर करतं. त्या रक्ताला पेशंटचा नंबर नसतो, म्हणून काचेच्या खडबडीत कडेवर पेन्सिलीनं नुसतं नाव लिहायचं. 'मॅडम'. 'वॉचमन काका'. पेन्सिलच, कारण शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. आणि बहुतेक वेळा 'ताई', कारण ताईच्या शिरा चांगल्या आणि तिची काही तक्रार नसते.

या वेळी मात्र ताईची दाढ सुजलेली, अँटिबायोटिक चालू, म्हणजे तिचं रक्त बाद. मॅडमना सर्दीताप. वॉचमन काका रजेवर. आणि नेमका सोमवारी सकाळी ताईचा भाऊ, तिचा दादा, तिचा घरी विसरलेला चष्मा घेऊन दारात उभा.

"काय शेंडेफळ, डोळे घरी ठेवून आलीस?"

"दादा, बाही वर कर."

"का?"

"पाच मिली रक्त हवंय. जन्मभर सुईला बघून पळालास, आज सापडलास."

दादा हसला. साठीला आलेला माणूस, छापखान्यात बाइंडिंग करायचा, आता निवृत्त. तरुणपणी सुई म्हटली की पांढरा पडायचा, पण हल्ली साखरेसाठी रोज बोट टोचून घेतो, त्यामुळे भीती मेलेली. "घे बाई, या रक्ताला एरवी कोण विचारतंय," म्हणत त्यानं हात पुढे केला. हिरव्या बुचाची नळी भरली. ताईनं त्यावर लिहिलं, 'दादा'. झालं.

तीन दिवसांनी, गुरुवारी, तिनं काच बघायला घेतली. नुसतं एवढंच बघायचं होतं की पेशी वाढल्यात का, पट्टे नीट उठलेत का. जोड्या लावायची काही गरज नव्हती. पण हाताला सवय. शेंगा सोलणारी बाई गप्पा मारतानाही सोलत राहते, तसं ताईनं सहज जोड्या लावल्या. आणि पाचव्या जोडीतला एक आखूड, चौदाव्यातला एक लांब. पाचचं शेपूट चौदाला, चौदाचं शेपूट पाचला. दुसरी पेशी बघितली, तेच. दहा बघितल्या, वीस बघितल्या, तेच. म्हणून तिच्या त्या कूलरच्या खेपा.

तुला वाटेल, मग काय झालं? माणूस तर ठणठणीत आहे. ठणठणीतच असतो. तुकड्यांची नुसती अदलाबदल झालेली असते, हरवलेलं काही नसतं. गोची होते ती मूल व्हायची वेळ आली की. मुलाकडे बापाचा अर्धाच ऐवज जातो, आणि त्या अर्ध्यात एखादा तुकडा दोनदा, एखादा नाहीच, असं होऊ शकतं. मग ते मूल पोटात बहुतेकदा तिसऱ्या-चौथ्या महिन्याच्या पुढे जात नाही.

आणि दादाला मूल नव्हतं. वहिनीची चार गेली होती, लग्नानंतरच्या सात वर्षांत.

थांब, अजून पुढे आहे. सव्वीस वर्षांपूर्वी, ताई लॅबमध्ये नवीन लागली तेव्हा, तिनंच हौसेनं वहिनीचं रक्त तपासलं होतं. वहिनीचं सगळं नॉर्मल आलं. तिला शिकवणारे सर तेव्हाच म्हणाले होते, "जोडप्याचं रक्त जोडीनंच घ्यायचं, अर्धं काम करायचं नाही." ताईनं घरी तसं सांगितलं, तर आई म्हणाली, "त्याला कशाला टोचतेस? बघ कसा घोड्यासारखा आहे. आमच्या घरात असलं कधी नव्हतं." दादा सुईला घाबरून गॅलरीत गेला. आणि ताई, बावीस-तेवीस वर्षांची पोर, गप्प बसली. वहिनीच्या रिपोर्टवर 'नॉर्मल' होतं, पण घरात त्याचा अर्थ उलटाच निघाला. कारण सापडत नाही, म्हणजे हिच्यातच काहीतरी आहे. तेव्हापासून वहिनी कुणाचं तान्हं मूल हातात घेत नाही. कुणी मूल घेऊन घरी आलं की ती हात पुसत पुसत आत जाते आणि चहा ठेवते. चहा नको म्हटलं तरी ठेवते.

पण ताईला एक आशा होती. आशा काय, तर आपल्या हातून नळ्यांची अदलाबदल झाली असेल. त्याच सोमवारी पाच पेशंटची रक्तं लावली होती. बघ, सव्वीस वर्षांत एकही नळी न चुकवलेली बाई मनोमन म्हणत होती, चुकलेली असू दे.

मॅडम, म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टर, नाकाला रुमाल लावून आल्या, बघून म्हणाल्या, "पाचही रिपोर्ट थांबव. खरंच अदलाबदल असेल तर एका पेशंटला आपण चुकून बरं ठरवून घरी पाठवू. भावाचं रक्त परत घे. आजच."

ताई दुपारीच घरी. दादा गॅलरीतल्या टेबलाशी बसून शेजारच्या मुलीचं फाटलेलं पुस्तक शिवत होता.

"परत?" तो म्हणाला. "पहिलं काय सांडलंस?"

"पाणी खराब निघालं पेटीतलं," ताई म्हणाली. धडधडीत खोटं.

वहिनी आतून कापूस घेऊन आली. "वन्सं, थांबा, मी धरते हात. हे हलतात." तिनं दादाचा कोपर दोन्ही हातांत धरला, आणि आई पलंगावरून म्हणाली, "त्याचं रक्त काढून काढून वाळवून टाका दोघी मिळून." वहिनीनं कोपर आणखी घट्ट धरला. ताईची सुई एका फटक्यात गेली.

पुढचे तीन दिवस तिला बूड टेकवता येईना. घरात डब्यांची झाकणं लावत सुटली, लॅबमध्ये पुसलेल्या काचा परत पुसल्या. आईकडे बघून वेगळंच काही मनात यायचं. दादात आणि तिच्यात नऊ वर्षांचं अंतर. मधली दोन गेली, असं आई सांगते, एक जिन्यावरून पडल्यामुळे, एक पाण्याची बादली उचलल्यामुळे. आता ताईला ना तो जिना पटत होता, ना ती बादली. ती अदलाबदल दादाकडे आली कुणाकडून? आईकडून की गेलेल्या बाबांकडून? आणि तिच्याकडे नाही आली, हे निव्वळ नशीब. तिच्या स्वतःच्या जोड्या ती सव्वीस वर्षं बघत आलीये, एकूण एक सरळ.

सोमवारी दुसरी काच तयार झाली. कडेवर तिच्याच अक्षरात, 'दादा, दुसऱ्यांदा'. तिनं पन्नास पेशी मोजल्या. पन्नासच्या पन्नास तशाच.

पाचही पेशंटचे रिपोर्ट सुटले. मॅडमनी ताईला समोर बसवलं. समजवायला गेल्या की मॅडम शिकवायला लागतात, तशी सवय आहे त्यांना. म्हणाल्या, "हे बघ, तुकडे हलणं म्हणजे पापच असं नाही. आपल्या पांढऱ्या पेशी आपले तुकडे मुद्दाम कापून वेगवेगळे जोडतात, म्हणून तर कधी न पाहिलेला जंतू ओळखतात. माणसाची दुसऱ्या नंबरची जोडी बघ. माकडांमध्ये ते दोन वेगळे क्रोमोसोम आहेत, आपल्यात कधीतरी चिकटून एक झाले. तसं होत आलं म्हणून आपण इथवर आलो. तीच गोष्ट भलत्या जागी झाली की रक्ताचा कॅन्सर. निसर्ग कात्री चालवतो, हिशेब नंतर होतो."

"मॅडम, हे सगळं खरं आहे," ताई म्हणाली. "वहिनीला यातलं काय सांगू?"

मॅडम म्हणाल्या, "वहिनीला काहीच नाही. ही माहिती तुझ्या भावाची आहे. न विचारता तपासलंस ही आपली चूक, म्हणून त्याला सांगायलाच हवं. बायकोला सांगायचं की नाही, ते तो ठरवेल. तू नाही."

त्या संध्याकाळी वहिनी बाजारात गेलेली बघून ताईनं दादाला गॅलरीत गाठलं. कसं सांगावं सुचेना. मग त्याच्या हातातलं पुस्तक बघून म्हणाली, "दादा, समज दोन भागांची कादंबरी आहे. बाइंडरनं पहिल्या भागातला एक फर्मा दुसऱ्यात शिवला आणि दुसऱ्यातला पहिल्यात."

"सोळा पानं इकडची तिकडे. होतं असं."

"दोन्ही भाग घरात असले तर?"

"तर काय, शोधून वाचता येतं. पानं सगळी आहेत ना."

"आणि एकच भाग कुणाला दिला तर?"

"त्याला अर्ध्यातून काही कळणार नाही. आमच्याकडे असली प्रत परत यायची." तो हसत होता. मग तिच्या तोंडाकडे बघून हसू हळूहळू गेलं. "माझ्या रक्ताचं बोलतेयस?"

ती सगळं बोलली. त्यानं सुईतला दोरा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"तेव्हा टोचून घेतलं असतं तर कळलं असतं?"

"हो."

"काही करता आलं असतं?"

"आजच्याएवढं नाही. पण पोटातल्या मुलाची तपासणी करता आली असती. चार गेली म्हणून पाचवं जातंच असं नसतं, दादा. तुम्ही चारवर थांबलात."

"ती थांबली," दादा म्हणाला. "म्हणाली, आता मला सोसत नाही, दोष माझाच आहे. आणि मी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तिला मी सांगतो. तू नको. शब्द दे."

"कधी सांगशील?"

"रविवारी."

ताईनं शब्द दिला. रविवार आला. दादानं गॅलरीत बसून तीन पुस्तकं शिवली. पुढच्या रविवारी चार. ताई दर वेळी त्याच्याकडे बघायची आणि तो डिंकाची बाटली शोधायचा, जी त्याच्या समोरच असायची. वहिनी चहा द्यायची, स्वतःचा चहा मात्र स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानंच प्यायची, गेली तीस वर्षं प्यायची तसाच.

आणि मग त्या बुधवारी ताई डबा विसरली. हल्ली ती सगळंच विसरत होती. दुपारी एकच्या सुमाराला वहिनी डबा घेऊन लॅबमध्ये हजर. मॅडम मीटिंगला, टाइप करणारी जेवायला. "वन्सं, चष्मा झाला, डबा झाला, उद्या डोकं विसराल," वहिनी म्हणाली, आणि सगळीकडे बघत उभी राहिली. सव्वीस वर्षांत ती इथे दुसऱ्यांदा आली होती. पहिल्यांदा आली ती रक्त द्यायला.

ताईच्या तोंडून गेलं, "बघायचंय का, मी काय करते ते?"

का म्हणाली कुणास ठाऊक, काच तर दादाचीच लावलेली होती. वहिनी पदर सावरून मायक्रोस्कोपवर वाकली. "गांडुळं दिसतायत."

"आता स्क्रीनवर बघ. मी जोड्या लावल्यात."

वहिनीनं बघितलं, मान तिरकी करून, बराच वेळ. "हे तर मोज्यांसारखं आहे. धुऊन वाळले की मी जोड्या लावते तसं. सगळे पट्टे जुळतायत... हे सोडून." तिनं बोट ठेवलं. पाचवर. मग सरकवत सरकवत चौदावर. "हा आणि हा. ह्याचं टोक त्याला लागलंय ना?"

टेक्निशियनच्या परीक्षेला बसलेल्या मुलींना जे दोन दोन दिवस दिसत नाही ते हिला दोन मिनिटांत दिसलं.

"कुणाचं आहे?"

"आहे एक माणूस. तब्येत चांगली आहे त्याची. फक्त..." ताई थांबली. "फक्त मुलं राहत नाहीत."

वहिनी स्क्रीनकडेच बघत होती. "त्याच्या बायकोला माहीत आहे?"

"नाही."

"का?"

"तो सांगणार आहे म्हणतो."

"म्हणतो," वहिनी म्हणाली. "बिचारी स्वतःलाच खात बसली असेल. तुम्ही सांगा, वन्सं. पुरुषमाणसाला अशी गोष्ट सांगायला जन्म पुरत नाही."

आणि मग, बोलता बोलता, ती टेबलावर डब्यासाठी जागा करायला लागली. स्वयंपाकघरातली सवय. कागद बाजूला सारले, पेन बाजूला ठेवलं, काचांचा ट्रे उचलला. ट्रेमध्ये त्याच रक्ताची दुसरी काच होती, नावाची कड वर करून ठेवलेली. ताई कधीच कड वर करून ठेवत नाही. सव्वीस वर्षांत नाही. त्या दिवशी चुकून ठेवली की मुद्दाम, हे तिला स्वतःलाही सांगता येत नाही, आणि खरं सांगू, तेच तिला जास्त खातंय.

वहिनीनं वाचलं. दोनच शब्द, पेन्सिलीचे. ताईचं अक्षर तिला वाणसामानाच्या यादीवरून पाठ. आणि दुसऱ्यांदा रक्त काढलं तेव्हा कोपर तिनंच धरला होता.

तिनं ट्रे खाली ठेवला, अगदी हळू, एक काचही वाजली नाही. डबा उघडला. झाकण पुसलं. पुसलेलं झाकण परत पुसलं.

"वहिनी," ताई म्हणाली.

"जेवून घ्या. गार होतंय."

"वहिनी, त्याला खरंच सांगायचं होतं गं. आणि मी, तेव्हा मीच जर..."

"किती दिवस झाले?"

"सोळा."

वहिनीनं मान हलवली, दुधाचा हिशेब ऐकल्यासारखी. पिशवी खांद्याला लावली. दारात थांबली आणि वळून म्हणाली, "मी वाचलं हे ह्यांना कळता कामा नये. शब्द द्या."

"अगं पण का?"

"बघू दे मला, सांगतात का."

म्हणजे आता बघ, ताईनं भावाला शब्द दिला, मी बोलणार नाही. वहिनीला शब्द दिला, तुला कळलंय हे मी बोलणार नाही. दोघं तिच्याच घरात, आणि ती मधल्या खोलीत झोपते.

त्या दिवसापासून वहिनीनं एकच गोष्ट बदलली. चारचा चहा झाला की स्वतःचा कप घेऊन ती गॅलरीत येते, दादाच्या समोर खुर्ची ओढते आणि बसते. काही विचारत नाही, काही सुचवत नाही. नुसती बसते आणि त्याच्याकडे बघत चहा पिते. पहिल्या दिवशी आई पलंगावरून म्हणाली, "आज काय, राणीसाहेब बसल्या?" वहिनी म्हणाली, "बसलेय." दादा खाली मान घालून शिवत राहिला.

दादाला कळल्याला काल बत्तिसावा दिवस होता. ताई लॅबमधून लवकर आली, खांद्याची पिशवी अजून उतरवायची होती, तेवढ्यात शेजारणीची माहेरी आलेली लेक तीन महिन्यांचं बाळ घेऊन आली. आईनं नेहमीसारखे पलंगावरून हात पसरले, म्हणाली, "आण, इकडे माझ्याकडे दे." बाळाची आई आत वळणार, तर गॅलरीतून वहिनी उठली. कप खाली ठेवला. आत गेली नाही, चहा ठेवायला गेली नाही. हात पुसले नाहीत. सरळ दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "मला दे."

बाळ तिच्या हातात गेलं. मान कशी धरायची तिला बरोबर माहीत होतं. ती परत त्याच खुर्चीत बसली, दादाच्या समोर, बाळाला छातीशी घेऊन, आणि बघत राहिली. बाळाकडे नाही, त्याच्याकडे. दादाची सुई पुस्तकाच्या पाठीत अर्धी गेलेली, तिथेच थांबली. त्यानं तोंड उघडलं. मिटलं. मग दाराशी उभ्या असलेल्या ताईकडे बघितलं, असं की तूच बोल. आणि त्याच वेळी वहिनीनंही तिच्याकडे बघितलं, असं की बोलायचं नाही.

ताई पिशवीचा पट्टा धरून उभी. सांग मला, तिच्या जागी तू काय केलं असतंस?